यंत्रनिर्मिती, ब्रिटनमधील (१७७५–१८७०)

अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात ब्रिटनमध्ये यंत्रे बनविण्याच्या पद्धतीत मूलभूत बदल सुरू झाला व सु. शंभर वर्षांत तो बव्हंशी पूर्ण झाला. त्यापूर्वी यंत्राचा प्रत्येक भाग कारागीर छिन्नी, कानस व हातोडा यांनी घडवीत असे आणि त्याचा अचूकपणा सर्वस्वी कारागिराच्या नजरेवर व हातावर अवलंबून राही. या बदलानंतर अचूकपणा यंत्राच्या सरकमार्गात, मळसूत्रात व मापकात आला. धातू कापून तिला ठराविक आकार देणाऱ्या यंत्रांना यांत्रिक हत्यारे म्हणतात. वाफ एंजिने, आगगाडीची एंजिने, सूतकताईची यंत्रे व आगबोटींची एंजिने मोठ्या संख्येने बनविणे या हत्यारांमुळेच शक्य झाले. औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात वाफ एंजिनाला जे ठळक स्थान मिळते, ते त्याचा सिलिंडर ज्या यंत्रावर कातला गेला त्या यंत्राला क्वचितच दिले जाते. प्रस्तुत नोंदीत ही हत्यारे घडविणाऱ्या अभियंत्यांची परंपरा, त्यांच्या कार्यपद्धती आणि कारागीरवर्गावर झालेला त्यांचा परिणाम यांचा विचार केलेला आहे.

पूर्वस्थिती : अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये यंत्रे उभारण्याचे काम मुख्यतः ‘मिलराइट’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर करीत. पाणचक्की व पवनचक्की बांधणे, लाकडी दंतचक्रे कापणे, लोहारकाम, सुतारकाम व जमिनीची मोजणी ही सर्व कामे त्यांना येत. त्यांची यंत्रे बहुतांशी लाकडी असत आणि सांध्यांत काही मिलिमीटरांची फट राहिली, तरी ती चालत. टॉमस न्यूकोमेन (१६६४–१७२९) यांनी १७१२ मध्ये डडलीजवळील खाणीतील पाणी उपसण्यासाठी उभारलेले वाफ एंजिनही असेच सहनशील होते. त्याच्या सिलिंडरात दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवीत. त्यामुळे दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट बुजून जाई आणि सिलिंडर काहीसा वेडावाकडा असला, तरी एंजिन चाले.

जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांनी १७६९ मध्ये स्वतंत्र संघनकाचे एकस्व घेतले, तेव्हा ही सोय संपुष्टात आली. वॉट यांच्या एंजिनात सिलिंडर सतत गरम ठेवावयाचा असल्याने दट्ट्यावर पाणी ठेवणे शक्य नव्हते. ते ठेवल्यास वाफ थंड होऊन इंधनाची बचत नाहीशी झाली असती. म्हणून सिलिंडर आतून खरोखरीच गोल व वरपासून खालपर्यंत एकाच व्यासाचा असणे अनिवार्य ठरले. स्कॉटलंडमधील किनील येथे वॉट यांनी प्रायोगिक एंजिन उभारले, तेव्हा त्यांनी तेलात भिजविलेल्या चिंध्या, बूच, कागद व जुन्या टोप्यासुद्धा फटीत कोंबून पाहिल्या. परंतु वाफेची गळती थांबली नाही. हे एंजिन पुरेशा अचूकपणे बनविता येतील अशी हत्यारे व असे कारागीर उपलब्ध नाहीत, असे मत जॉन स्मीटन (१७२४–९२) यांच्यासारख्या त्या काळच्या अग्रगण्य अभियंत्याने व्यक्त केल्याचे सांगतात. कल्पना तयार असूनही ती घडविण्याचे साधन नसल्यामुळे शोध कसा अडून राहतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

विल्किन्सन यांचे बोअरिंग यंत्र : ही अडचण दूर करणारे जॉन विल्किन्सन (१७२८–१८०८) हे लोखंड व तोफा यांचे कारखानदार होते. सिलिंडर आतून कातण्याच्या जुन्या यंत्रात कापणारे पाते एका लांब दांड्याच्या मोकळ्या टोकावर बसविलेले असे. हा दांडा स्वतःच्या वजनाने वाकत असे व ओतकामात राहिलेल्या पोकळीच्या वळणाप्रमाणेच पाते पुढे सरके. म्हणजे मूळचा दोष तसाच कायम राही. विल्किन्सन यांनी १७७५ मध्ये वेल्समधील बर्शम येथे नव्या रचनेचे यंत्र उभारले. त्यात दांडा सिलिंडराच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना पक्का आधार दिला होता. सिलिंडर स्थिर राही, दांडा फिरे आणि पाते दांड्यावरून हळूहळू पुढे सरके. त्यामुळे पात्याचा मार्ग ओतकामावर अवलंबून न राहता दांड्याच्या सरळपणावर अवलंबून राहू लागला.

वॉट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन (१७२८–१८०९) यांनी या कामाबद्दल मोठे समाधान व्यक्त केले होते. टिप्टन येथील खाणीसाठी बनविलेल्या ५० इंच (१२७ सेंमी.) व्यासाच्या सिलिंडरात कोठेही जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकीही चूक नव्हती, असे त्यांनी नमूद केले आहे. आजच्या मानाने हा अचूकपणा अगदी बेताचाच आहे. तथापि वॉट यांचे एंजिन प्रयोगावस्थेतून बाहेर पडून व्यवहारात येण्यास तो पुरेसा ठरला. टिप्टनचे एंजिन मार्च १७७६ मध्ये सुरू झाले. त्यानंतर सु. वीस वर्षे बोल्टन आणि वॉट कंपनीच्या एंजिनांचे बहुतेक सिलिंडर विल्किन्सन यांच्याकडूनच येत.

यंत्राचा आराखडा करणे व यंत्र घडविणे ही दोन कामे वेगळी होण्यासही याच कंपनीपासून चालना मिळाली. आरंभीच्या काळात कंपनी संपूर्ण एंजिन बनवीत नसे. ती आरेखने पुरवी, झडपांसारखे नाजूक भाग तयार करी व उभारणीसाठी विल्यम मर्डॉक (१७५४–१८३९) यांच्यासारखा जाणकार पाठवी. उरलेले भाग ग्राहक अन्यत्र करवून घेई. कंपनीचा मोबदला न्यूकोमेन एंजिनाच्या तुलनेत वाचणाऱ्या कोळशाच्या किंमतीचा एक-तृतीयांश भाग असा ठरलेला होता. दूर अंतरावरील अनोळखी कारागिराला सांगावयाचे ते कागदावरच सांगावे लागल्याने आरेखनात मापांचा नेमकेपणा येऊ लागला. आरेखने व पत्रे यांच्या प्रती काढता याव्यात म्हणून वॉट यांनी १७८० मध्ये प्रत काढण्याच्या दाबयंत्राचे एकस्व घेतले, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे.

ब्रामा व मॉड्स्ली : लंडनमधील परंपरेचा उगम जोसेफ ब्रामा (१७४८–१८१४) यांच्या कर्मशाळेत आढळतो. मूळचे यॉर्कशरमधील सुतार असलेल्या ब्रामा यांनी १७८४ मध्ये एका नव्या कुलपाचे व १७९५ मध्ये जलीय दाबयंत्राचे एकस्व घेतले. त्यांचे कुलूप किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस देण्याची जाहीर पाटी त्यांच्या दुकानाच्या खिडकीत होती. हे कुलूप १८५१ पर्यंत कोणालाही उघडता आले नाही. त्या वर्षी ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ञाने ते उघडले, तेव्हा त्याला सोळा दिवसांत विभागलेले ५१ तास खर्च करावे लागले. या कुलपाचे रहस्य त्याच्या बारीक सरकपट्ट्यांच्या अचूकपणात होते. असे भाग हाताने एकामागून एक घडविणे फारच महाग पडे. त्यांच्यासाठी खास यंत्रे करण्याचे काम ब्रामा यांनी १७८९ मध्ये हेन्री मॉड्स्ली (१७७१–१८३१) या अठरा वर्षांच्या तरुणावर सोपविले.

मॉड्स्ली यांचा जन्म वुलिच येथे झाला. तेथील शस्त्रागारात ते वयाच्या बाराव्या वर्षी काडतुसे भरण्याच्या कामावर लागले व पुढे लोहारकामात निपुण झाले. ब्रामा यांच्याकडे मुख्य कारागीर झाल्यावर त्यांना आठवड्याला ३० शिलिंग मिळत. त्यांत वाढ नाकारली गेली, तेव्हा १७९७ मध्ये त्यांनी स्वतःची कर्मशाळा काढली. पुढे १८१० मध्ये ती लँबेथ येथे हलविण्यात आली.

मॉड्स्ली यांचे नाव प्रामुख्याने आटे पाडण्याच्या लेथशी निगडित आहे. तोपर्यंत लेथवर काम करणारा कारागीर पाते हातात धरून आधारावर टेकवीत असे. मॉड्स्ली यांनी १८०० च्या सुमारास बनविलेल्या लेथमध्ये पाते सरकत्या हत्यारधारकात घट्ट बसविलेले होते. हा धारक लेथच्या सांगाड्याला समांतर असणाऱ्या एका मार्गदर्शक मळसूत्राने पुढे सरके आणि हे मळसूत्र बदलत्या दंतचक्रांनी मुख्य अक्षाला जोडलेले असे. दंतचक्रे बदलली की, एकाच मार्गदर्शक मळसूत्रावरून हव्या त्या अंतराचे आटे पाडता येत. सरकता धारक किंवा मार्गदर्शक मळसूत्र यांचा शोध सर्वस्वी मॉड्स्ली यांचाच होता, असे म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये झाक द व्होकांसाँ (१७०९–८२) व इंग्लंडमध्ये उपकरणकार जेसी रॅम्सडेन (१७३५–१८००) यांनी तत्पूर्वीच अशा रचना केल्या होत्या. मॉड्स्ली यांचे श्रेय हे की, त्यांनी या रचना एकत्र आणल्या, लाकडी सांगाड्याऐवजी संपूर्ण धातूचा सांगाडा वापरला आणि हे यंत्र नित्याच्या कर्मशाळेतील दणकट साधन बनविले.

लेथवर निघालेला आटा मार्गदर्शक मळसूत्राइतकाच अचूक असतो. म्हणून पहिले अचूक मळसूत्र कसे मिळवावयाचे हा खरा प्रश्न होता. मॉड्स्ली यांनी अनेक मार्गांनी मळसूत्रे बनवून, त्यांतील चुका शोधून व दुरुस्त करून टप्प्याटप्प्याने अधिक अचूक मळसूत्रे मिळविली. त्यांनी बनविलेले ५ फूट (१५२ सेंमी.) लांबीचे व दर इंचास ५० आटे असलेले एक मळसूत्र प्रसिद्ध आहे. त्यावर बसणारे नट १२ इंच लांब होते, म्हणजे त्यात ६०० आटे होते. त्यांच्या कर्मशाळेत मेजावर ठेवलेले एक सूक्ष्ममापक होते. इंचाचा दहा हजारावा भाग (सु. ०·००२५ मिमी.) दाखविणाऱ्या या साधनाला कारागीर ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण मापाविषयीच्या वादात त्याचा निर्णय अखेरचा मानला जाई.

पोर्टस्मथ येथील कप्पी यंत्रे : शिडाच्या जहाजावरील दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागतात. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला सु. एक हजार कप्प्या लागत व नेपोलियनबरोबरच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश नौदलाची गरज वर्षाला एक लाखाच्या घरात गेली होती. फ्रान्समधून निर्वासित म्हणून आलेले अभियंते मार्क इझंबार्ड ब्रूनेल (१७६९–१८४९) यांनी या कप्प्या यंत्रांनी बनविण्याची योजना मांडली. नौदलाच्या बांधकामांचे महानिरीक्षक सॅम्युएल बेंथॅम (१७५७–१८३१) यांनी ती उचलून धरली आणि यंत्रे घडविण्याचे काम मॉड्स्ली यांच्याकडे आले. १८०२ पासून सु. सहा वर्षांत पोर्टस्मथच्या गोदीत सु. ४५ यंत्रांची मालिका उभी राहिली.

या मालिकेत एल्म लाकडाचे ठोकळे करवतणे, त्यांत भोक पाडणे, खाच कोरणे, दहा ठोकळे एकदम चक्रावर बसवून त्यांना बाहेरून गोलाई देणे, तसेच आतील कठीण लाकडाची चाके कातणे व लोखंडी आस तयार करणे, या प्रत्येक क्रियेसाठी वेगळे यंत्र होते. ११० कुशल कारागिरांचे काम या यंत्रांवर दहा अकुशल माणसे करू लागली. १८०८ मध्ये येथे वर्षाला सु. १,३०,००० कप्प्या तयार होत. यांतील काही यंत्रे दीडशे वर्षांनंतर, म्हणजे १९६० च्या सुमारापर्यंत, वापरात होती.

मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे हे आद्य उदाहरण असले, तरी त्याचे अनुकरण ब्रिटनमध्ये दीर्घकाळ झाले नाही. एकाच वस्तूची लाखांवर मागणी करणारा ग्राहक नौदलाखेरीज क्वचितच होता आणि खाजगी कारखानदाराला प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे यंत्र करून देणेच परवडत असे. ब्रिटिश यंत्रनिर्मितीचे सामर्थ्य व तिची मर्यादा या दोहोंचे बीज येथे दिसते.

बॅबेज यांचे भेदयंत्र : त्या काळच्या यंत्रनिर्मितीची सर्वांत कठोर परीक्षा चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांच्या भेदयंत्राने घेतली. गणितीय कोष्टकांतील मानवी चुका टाळण्यासाठी ती यंत्राने तयार करावीत, अशी बॅबेज यांची कल्पना होती. १८२३ मध्ये सरकारने या कामास अर्थसाहाय्य मंजूर केले. घडणीसाठी ब्रूनेल यांनी जोसेफ क्लेमंट (१७७९–१८४४) यांचे नाव सुचविले. क्लेमंट हे ब्रामा व मॉड्स्ली या दोघांच्याही हाताखाली काम केलेले कारागीर असून आरेखनात त्यांचा हात धरणारा विरळाच होता. यंत्राला सु. २५,००० भाग लागणार होते व त्यांतील एका आकाराचे शेकडो भाग तंतोतंत सारखे हवे होते. बॅबेज यांनी फिरत्या भागांच्या क्रिया दर्शविण्यासाठी स्वतंत्र चिन्हपद्धती तयार केली, तर क्लेमंट यांनी त्या भागांसाठी नवी हत्यारे घडविली. दोघेही तडजोड न करणारे असल्याने खर्च व वेळ वाढत गेला.

१८३२ मध्ये यंत्राचा सु. दोन हजार भागांचा एक हिस्सा जोडण्यात आला व तो निर्दोषपणे चालला. तथापि पुढच्याच वर्षी कर्मशाळा बॅबेज यांच्या घराजवळ हलविण्याच्या भरपाईवरून वाद होऊन काम थांबले. ग्राहकाच्या पैशाने घडविलेली हत्यारे कारागिराच्याच मालकीची राहतात, असा त्या व्यवसायाचा रिवाज होता. त्याप्रमाणे ती क्लेमंट यांच्याकडेच राहिली. सरकारचे सु. १७,५०० पौंड खर्ची पडल्यावर १८४२ मध्ये योजना सोडून देण्यात आली.

त्या काळची यंत्रविद्या अपुरी असल्यामुळे हे यंत्र अपूर्ण राहिले, असे पुष्कळ वर्षे मानले जात असे. क्लेमंट यांनी बनविलेल्या व आज उपलब्ध असलेल्या भागांची मोजणी केली असता, एकाच आकाराच्या भागांत सु. ०·०५ मिमी. इतकाच फरक आढळतो. लंडनच्या सायन्स म्यूझीयमने हाच अचूकपणा मर्यादा मानून, बॅबेज यांच्या १८४७–४९ मधील आरेखनांवरून दुसऱ्या भेदयंत्राचा गणन करणारा विभाग १९९१ मध्ये पूर्ण केला. सु. चार हजार भागांचा हा विभाग ३१ अंकी संख्यांवर बरोबर क्रिया करतो. अडचण अचूकपणाची नसून तो अचूकपणा हजारो भागांत माफक खर्चाने व मालक-कारागीर यांच्यातील विश्वासाने टिकविण्याची होती, असा निष्कर्ष यावरून निघतो.

मँचेस्टरमधील शाखा : १८१५ नंतर यंत्रनिर्मितीचे केंद्र हळूहळू लंडनकडून कापडधंद्याच्या लँकाशर परगण्याकडे सरकले. मॉड्स्ली यांच्या कर्मशाळेत काम केलेले वेल्श अभियंते रिचर्ड रॉबर्ट्स (१७८९–१८६४) यांनी मँचेस्टर येथे १८१७ मध्ये धातू रंधण्याचे यंत्र बनविले. सपाट पृष्ठभाग मिळविण्यासाठी त्यापूर्वी छिन्नी व कानस यांनी कित्येक दिवस खपावे लागे. रॉबर्ट्स यांच्या यंत्राच्या बैठकीवर छिन्नीच्या व कानशीच्या खुणा दिसतात. ज्याला सपाट बैठक हवी त्या पहिल्या रंधण यंत्राची बैठक मात्र हातानेच सपाट करावी लागली होती, याची साक्ष या खुणा देतात. हत्याराने हत्यार घडविण्याची साखळी अखेर मानवी हातापाशीच सुरू होते.

मॉड्स्ली यांचेच दुसरे शिष्य जेम्स नेस्मिथ (१८०८–९०) यांनी १८३६ मध्ये मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्ट येथे कारखाना काढला. ‘ग्रेट ब्रिटन’ या आगबोटीच्या वल्हेचक्रांसाठी लागणारा प्रचंड आस घडविता येईना, तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी वाफेच्या घणाचे आरेखन केले. पुढे त्या बोटीला वल्हेचक्रांऐवजी मळसूत्री पंखा बसविण्याचे ठरल्याने आसाची गरजच उरली नाही. घण प्रथम उभा राहिला तो फ्रान्समधील ल क्रझो येथे. नेस्मिथ यांनी तो १८४२ मध्ये तेथे पाहिला व त्याच वर्षी एकस्व घेतले. या शोधाच्या श्रेयाविषयी फ्रेंच अभियंत्यांशी त्यांचा मतभेद राहिला. टनावारी वजनाचा हा घण पेल्यात ठेवलेल्या अंड्याचे केवळ कवच फोडण्याइतका हळुवारही चालविता येई.

व्हिटवर्थ व प्रमाणीकरण : या परंपरेचा परमोत्कर्ष सर जोझेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांच्या कार्यात दिसून येतो. स्टॉकपोर्ट येथे जन्मलेल्या व्हिटवर्थ यांनी मॉड्स्ली व क्लेमंट यांच्याकडे काम केले. बॅबेज यांच्या यंत्राचे भाग घडत असता ते क्लेमंट यांच्या कर्मशाळेत होते. १८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टर येथे स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

व्हिटवर्थ यांच्या कार्याचा पाया खरेखुरे समतल पृष्ठ हा होता. दोन पट्ट एकमेकांवर घासून जुळविले, तर एक किंचित फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असूनही ते जुळल्यासारखे दिसतात. तीन पट्ट घेऊन ते आलटून पालटून जोडीजोडीने जुळविले, तर मात्र तिन्ही सपाट असल्याखेरीज सर्व जोड्या जुळत नाहीत. यासाठी एका पट्टाला रंग लावून तो दुसऱ्यावर टेकवितात व जेथे रंग लागतो तेवढाच उंचवटा खरवडून काढतात. पूड घालून घासण्यापेक्षा खरवडण्याची रीत कशी श्रेष्ठ आहे, हे व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे विशद केले. कोणत्याही पूर्वसिद्ध अचूक साधनाशिवाय अचूक पृष्ठ मिळवून देणारी ही पद्धत आजही प्रचलित आहे.

समतल पृष्ठांच्या आधारे त्यांनी मापनाकडे लक्ष वळविले. रेषांमधील अंतर डोळ्यांनी पाहून मोजण्यापेक्षा दोन सपाट टोकांमधील अंतर स्पर्शाने मोजणे अधिक विश्वसनीय असते, असे प्रतिपादून त्यांनी इंचाचा दशलक्षावा भाग (सु. ०·००००२५ मिमी.) दाखविणारे मापनयंत्र तयार केले.

१८४१ मध्ये त्यांनी मळसूत्री आट्यांच्या प्रमाणीकरणाची योजना मांडली. त्या वेळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कर्मशाळेचा बोल्ट दुसरीच्या नटात बसत नसे व एंजिनाची दुरुस्ती मूळ कारखान्यातच करून घ्यावी लागे. व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि आट्याचा कोन ५५° निश्चित करून प्रत्येक व्यासाला दर इंचामागील आट्यांची संख्या ठरवून दिली. उदा., पाव इंची बोल्टाला २०, अर्धा इंचीला १२ व एक इंचीला ८ आटे. कोणत्याही एका कारखान्याची पद्धत न लादता सर्वांच्या प्रघातांतून मध्यम मार्ग काढल्याने रेल्वे कंपन्यांनी व कारखानदारांनी ही योजना स्वीकारली. कायद्याच्या सक्तीवाचून प्रसृत झालेले हे एक आद्य औद्योगिक प्रमाण होय.

कारागीर व यंत्र : या प्रगतीची किंमत कारागिरांच्या दृष्टीने मोठी होती. अचूकपणा यंत्रात आल्याने सात वर्षांची उमेदवारी करून मिळविलेल्या कसबाचे मोल घटू लागले. संपाला उत्तर म्हणून यंत्र योजल्याचीही उदाहरणे आहेत. १८२४ मध्ये म्यूलवर सूत कातणाऱ्या कामगारांनी संप केला, तेव्हा गिरणीमालकांनी रॉबर्ट्स यांना स्वयंचलित म्यूल तयार करण्याची गळ घातली आणि १८२५ व १८३० मधील एकस्वांनी ते यंत्र सिद्ध झाले. मात्र कताई कामगार त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. यंत्राची देखभाल करणारा त्यांचा वर्ग पुढेही संघटित राहिला. रॉबर्ट्स यांना मात्र त्यांच्या शोधांचा लाभ टिकविता आला नाही. १८६४ मध्ये त्यांचा अंत हलाखीत झाला.

यंत्रनिर्मितीच्या धंद्यातही हा संघर्ष अटळ होता. १८५१ मध्ये अभियांत्रिकी कारागिरांचा एकसंध संघ स्थापन झाला. सक्तीचे जादा काम, उक्ती मजुरी आणि यांत्रिक हत्यारांवर अकुशल माणसांची नेमणूक यांना त्याचा विरोध होता. जानेवारी १८५२ मध्ये लंडन व लँकाशरमधील कारखानदारांनी टाळेबंदी पुकारली. सु. तीन महिन्यांनी कारागिरांना माघार घ्यावी लागली आणि संघ सोडल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करूनच अनेकांना कामावर परतता आले. तथापि संघ टिकून राहिला. स्वयंचलित हत्यारांमुळे आपल्या कारखान्यातील प्रौढ कामगारांची संख्या सु. निम्म्यावर आणता आली व नफा वाढला, अशी साक्ष नेस्मिथ यांनी पुढे कामगार संघांविषयीच्या राजकीय आयोगापुढे दिली. यांतील विसंगती अशी की, ही हत्यारे घडविणारे मॉड्स्ली, क्लेमंट, रॉबर्ट्स व व्हिटवर्थ हे स्वतः कारागीर म्हणूनच पुढे आले होते आणि ज्या शिडीने ते चढले, तिच्या पायऱ्या त्यांच्याच यंत्रांनी कमी केल्या.

अमेरिकेची स्पर्धा : आपले यंत्रकौशल्य देशाबाहेर जाऊ नये, यासाठी ब्रिटनने कारागिरांच्या देशांतरावर व यंत्रांच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. देशांतराचे निर्बंध १८२४ मध्ये, तर निर्यातीचे १८४३ मध्ये उठविले गेले. १८५१ च्या लंडन येथील भव्य प्रदर्शनात ब्रिटिश यांत्रिक हत्यारांची, विशेषतः व्हिटवर्थ यांच्या हत्यारांची, श्रेष्ठता सर्वमान्य झाली. त्याच प्रदर्शनात व्हर्‌माँट राज्यातील एका कंपनीने सहा बंदुका मांडल्या होत्या. त्यांतील कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसत असे. १८५३ मध्ये व्हिटवर्थ यांना अमेरिकेतील उद्योगांच्या पाहणीसाठी पाठविण्यात आले. तेथे मजुरी महाग असल्याने प्रत्येक लहान कामासाठी खास यंत्र योजण्याकडे कल असल्याचे त्यांनी आपल्या अहवालात नमूद केले. त्यानंतर एन्‌फील्ड येथील सरकारी बंदूक कारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे विकत घेण्यात आली. पोर्टस्मथ येथे अर्धशतकापूर्वी सिद्ध झालेले तत्त्व अशा रीतीने अटलांटिकपलीकडून ब्रिटनमध्ये परत आले.

ब्रिटिश कर्मशाळांतील ज्ञान गुरुशिष्यपरंपरेने, हाताखाली काम करून मिळत असे. या पद्धतीने असामान्य माणसे घडली. परंतु संघटित तांत्रिक शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले. व्हिटवर्थ यांनाही ही उणीव जाणवली असावी. तरुण अभियंत्यांना शास्त्र व हस्तकौशल्य या दोहोंचे शिक्षण मिळावे, म्हणून त्यांनी १८६८ मध्ये शिष्यवृत्त्या सुरू केल्या.

भारताशी संबंध : ब्रिटिश यंत्रनिर्मितीचा प्रभाव मुंबई इलाख्यात लवकरच पोहोचला. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेलेले पहिले भारतीय अर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८०८–७७) हे आगबोटींच्या एंजिनांचे तज्ञ असून मुंबईच्या गोदीतील वाफयंत्र कारखान्याचे प्रमुख अभियंते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीची एंजिने लँकाशरमधील व्हल्कन फाउंड्री येथे बनलेली होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या व १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झालेल्या कापड गिरणीची यंत्रेही लँकाशरचीच होती. रेल्वे कर्मशाळा व गिरण्यांचे दुरुस्ती विभाग यांतून येथील अनेक पिढ्यांना लेथ व रंधण यंत्र चालविण्याचे कसब मिळाले.

ही यंत्रे चालविणे व दुरुस्त करणे येथे रुजले, तरी यंत्रे घडविणारी यंत्रे दीर्घकाळ बाहेरूनच येत राहिली. हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर (१९४१) व बंगलोर येथे हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) हे कारखाने निघाल्यावर ही परिस्थिती पालटू लागली. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान पद्धती आली, तरी जुन्या कर्मशाळांत व्हिटवर्थ आटे आणि इंचाचा आठवा भाग दर्शविणारे ‘सूत’ हे माप पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले.

मूल्यमापन : बर्शमचे बोअरिंग यंत्र ते व्हिटवर्थ यांचे मापनयंत्र, या सु. ऐंशी वर्षांत मापनाची मर्यादा नाण्याच्या जाडीवरून इंचाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत आली. हा प्रवास एखाद्या एकाकी शोधाने घडला नाही. प्रत्येक अभियंत्याने आपल्या गुरूच्या कर्मशाळेतील हत्यार घेऊन त्याहून अचूक हत्यार घडविले आणि ते पुढच्याच्या हाती दिले. व्हिटवर्थ यांचा आटा दीर्घकाळ रूढ राहिला. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६०° कोनाचा आटा सुचविल्याने दोन देशांत भेद निर्माण झाला. दुसऱ्या महायुद्धात या भेदाचा मोठा अडथळा जाणवल्यावर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समाईक प्रमाण मान्य केले. पुढे मेट्रिक आटेही रूढ झाले. तथापि अनोळखी माणसांनी दूरदूरच्या ठिकाणी बनविलेले दोन भाग एकमेकांत बसलेच पाहिजेत, ही आज गृहीत धरली जाणारी अपेक्षा याच कर्मशाळांतून जगभर पसरली. तिच्या पायाशी कुशल कारागिरांच्या कित्येक पिढ्यांचे हस्तकौशल्य आहे, ही गोष्ट रॉबर्ट्स यांच्या यंत्रावरील छिन्नीच्या खुणा आजही दाखवून देतात.